तांब्याचा वॉशर

बाबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. सारी नोकरी त्यांनी गाड्या दुरुस्त करण्यात घालवली होती. कुडव्याला घर बांधलं आणि एका राइस मिलच्या गेटवर चौकीदारी धरली. तिथे आल्यागेल्या ट्रकांचे नंबर लिहायचे, एवढंच काम. घरी आले की फारसं बोलत नसत. आमची जुनी स्कूटर मात्र रोज सकाळी तपासायचे: तेल, हवा, ब्रेक, क्लचची तार. फौजेत गाडी सुरू करण्याआधीच्या या तपासणीला फर्स्ट परेड म्हणतात. मला कॉलेजला उशीर होत असला तरी परेड झाल्याशिवाय चावी मिळत नसे.

दोन हजार चार-पाच साल असेल. नागऱ्याच्या रस्त्याला फौजेचे सात ट्रक थांबलेत, असं कळलं आणि बाबा मला स्कूटरवर मागे बसवून निघाले. एक ट्रक सुरू व्हायचा, दोन मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा. दुरुस्तीची गाडी पुढे निघून गेलेली. ताफ्याबरोबरचा सुभेदार आधी बाबांना जवळ येऊ देईना. बाबांनी निवृत्तीचं ओळखपत्र दाखवलं, बोनेटला कान लावला आणि म्हणाले, "साहब, पंप ठीक है. कहीं से हवा खींच रही है."

डिझेलच्या नळीच्या जोडातला तांब्याचा वॉशर दबून कडक झाला होता. नवा कुणाकडेच नव्हता. बाबांनी तो काढून रुमालात बांधला आणि आम्ही घरी आलो.

आईची भाजी उतरवून त्यांनी वॉशर चिमट्यात धरला आणि गॅसवर लाल होईस्तोवर तापवला.

"हे कायले तापवून राहिले तुमी?" आईनं विचारलं.

"नरम कराले. मंग तो पुन्हा बसते," म्हणत बाबांनी तो तांब्यातल्या पाण्यात टाकला. आम्ही निघताना आईनं बाबांना साबण आणि जुनं फडकं दिलं.

वॉशर बसला. ट्रक अर्धा तास एका सुरात चालत राहिला. मग बाबांनी बाकीच्या ट्रकांवर नजर टाकू का, असं विचारलं. सुभेदारानं होकार दिला. टायरच्या व्हॉल्व्हला टोपी नाही, बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर साचलाय, पंख्याचा पट्टा ढिला आहे, असं सांगत ते फिरत होते आणि सातही ड्रायव्हर मागोमाग. इतकं बोलताना मी त्यांना घरी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही दोघं त्यांच्या लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकातच जेवलो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मिलमालकाला सांगितलं, की नोकरी सोडत नाही, पण गेटवर बसणार नाही. मिलच्या ट्रकांची देखभाल माझ्याकडे द्या. मालकानं महिनाभर बघू म्हटलं. पुढे आठ वर्षं ते काम बाबांकडेच होतं. पहिल्याच आठवड्यापासून ते मिलच्या ड्रायव्हरांना रोज सकाळी फर्स्ट परेडला रांगेत उभं करायचे. ते कुरकुरायचे, आणि बाबा घरी येऊन त्यांची एकेकाची नक्कल करून दाखवायचे.