सुट्टीवर तेच चौघं

भूमजवळच्या एका दूध डेअरीत मी तेरा वर्षं नोकरी करते. गावोगावहून आलेल्या दुधाचं फॅट तपासायचं, हे माझं काम.

गाई-म्हशींना सण नसतो. दूध रोज येतं, म्हणून सणाच्या दिवशी आमच्या बारा जणांपैकी चौघांनाच सुट्टी मिळायची. ते चौघं कोण, हे युनियनचे सेक्रेटरी ठरवायचे. दिवाळीला दरवर्षी तेच असायचे, सेक्रेटरी आणि त्यांच्या जवळचे तिघं.

माझा भाऊ तेरखेड्यात फटाक्याच्या कारखान्यात आहे. दिवाळीपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत नसते; भाऊबीजेलाच काय तो मोकळा होतो. नेमकी तेव्हा मी डेअरीत. सुट्टी मागितली की सेक्रेटरी म्हणायचे, "आवंदा न्हाय, पुढच्या साली बघू, बाई." त्यांना वाईट तरी कसं म्हणावं? आम्हाला पर्मनंट करा म्हणून गेटवर उपोषणाला बसलेला माणूस तो.

दोन वर्षांपूर्वी चौदा एप्रिलला आमच्या कोल्डरूमच्या ऑपरेटरना सुट्टी नाकारली. त्यांची मुलगी बाबासाहेबांच्या जयंतीत पहिल्यांदाच भाषण करणार होती. डबा उघडून ते नुसते बसून राहिले.

"दिवाळीला मी कामावर राहतो, कधी कुरकुर केली न्हाय," ते म्हणाले. "वर्षातला माझा एक दिवस मला मिळू नये?"

मीही माझा डबा झाकून ठेवला. मग आम्ही दोघं जेवणाच्या सुट्टीत जुनी रजिस्टरं काढून बसायला लागलो. कोणत्या सणाला कोण सुट्टीवर होतं, ते कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून काढलं, सात वर्षांचं.

युनियनच्या सभेत मी ते कॅलेंडर घेऊन उठले. वाचायला लागले, "पहिल्या वर्षी दिवाळीला हे चौघं. दुसऱ्या वर्षी तेच चौघं. तिसऱ्या वर्षी..."

"तेच चौघं!" मागून कुणीतरी ओरडलं. पुढचं प्रत्येक वर्ष सगळी सभाच माझ्याबरोबर वाचत होती.

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. "बाई, माझ्यावर आळ घेताय व्हय?"

"न्हाय, काका. तुम्ही उपोषणाला बसला नसता तर मी इथं उभी नसते. पण मॅनेजरनं असं केलं असतं, तर तुम्ही गप बसला असता का?"

मी आमची मागणी मांडली. ज्याला जो सण महत्त्वाचा, तो त्यानं आधी लिहून द्यायचा. यंदा ज्याला सुट्टी मिळाली, तो पुढच्या वर्षी यादीत खाली जाणार. बरोबरी झाली तर चिठ्ठ्या टाकायच्या.

हात वर झाले. सेक्रेटरींनी स्वतः मोजले आणि आपलाही हात वर केला.

मॅनेजर यादीवर सही करायला तयार नव्हते. तेव्हा सेक्रेटरीच त्यांच्या टेबलापुढं उभे राहिले, "युनियनचा ठराव हाय, साहेब. सही झाल्याबिगर मी हलणार न्हाय." सही झाली.

त्या भाऊबीजेला मी तेरखेड्याला गेले. ओवाळताना कुंकू भावाच्या नाकावर सांडलं.

"अक्का, साहेबानं सोडलं व्हय तुला?" त्यानं विचारलं.

"सोडलं न्हाय," मी म्हटलं. "माझा नंबर होता."

पुढच्या चौदा एप्रिलला ऑपरेटर सुट्टीवर होते. कोल्डरूमवर माणूस कमी पडला, तर सेक्रेटरी आपणहून आले. अंगात स्वेटर, कानाला मफलर, आणि बाहेर कडक ऊन. दुपारी ऑपरेटरनी मला मुलीच्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला. मशीनच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून काका माझ्याबरोबर फोन घेऊन बाहेर उन्हात आले. भाषण संपल्यावर म्हणाले, "लई भारी बोलली पोरगी. परत लावा."