ही दाढ मी काढणार नाही

“थांबा, आधी बाहेरून बघू.” पेशंटनं खुर्चीत बसल्या बसल्या आ वासला, की आमच्या डॉक्टर बाई हमखास असं म्हणत आणि दोन्ही हातांनी त्याचा जबडा चाचपत. मोशीत त्यांचा दातांचा दवाखाना होता आणि मी तिथं मदतनीस होते. बोलणं तुटक, हसणं त्याहून कमी. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, बाई खडूस आहेत.

चाकणला कंपनीत काम करणारे, मूळचे बीडकडचे एक गृहस्थ नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. तिचा उजवा गाल सुजला होता. गोळ्यांचे दोन कोर्स होऊनही सूज हटली नव्हती.

“दाढ हलायलीय. काढून टाका मॅडम, मला सेकंड शिफ्टला जायचंय.”

दाढ किडलेली नव्हती. बाईंनी मुलीच्या खालच्या ओठावरून कापूस फिरवला. “कळतंय का गं?”

“न्हाई.”

एक्स-रेत हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसत होती. बाई म्हणाल्या, “ही दाढ मी काढणार नाही.”

“मग दुसरीकडं काढतो!”

“नका काढू. हिला आत्ताच पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं. चला, मी येते.” बाकीच्या पेशंटना त्यांनी परत पाठवलं आणि गाडी काढली.

तपासणीसाठी हाडाचा तुकडा काढला. जबड्याच्या हाडाचा कॅन्सर निघाला. मुलांमध्ये क्वचितच होणारा. वडील एवढंच म्हणाले, “आमी तर दाढ काढायला आलतो ओ.”

आधी केमो झाली. मग जबड्याचा रोगट भाग काढून तिथं तिच्याच पायाचं हाड बसवलं. नंतर पुन्हा केमो. पोरगी वाचली, पण तोंड जेमतेम बोटभर उघडायचं, आणि ती कुणाशी बोलेना. बाई दर रविवारी तिच्या घरी जात. तोंड जास्त उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायला लावत. ती रडली की थांबत, डोळे पुसून झाले की म्हणत, “आता अजून एक.”

गेल्या वर्षी बाईंचा हात थरथरू लागला. “अशा हातानं कुणाच्या तोंडात हत्यार घालू नये,” म्हणाल्या आणि दवाखाना बंद केला. आता त्या नाशिकला, बहिणीकडे असतात.

दवाखान्याच्या शेवटच्या दिवशी ती मुलगी आईबरोबर आली होती. पायरीवर बसून डाव्या बाजूनं पेरू चावत होती, मध्येच आईशी भांडत होती. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मी कुलूप पुढं केलं, तर म्हणाल्या, “खाऊ दे तिला. मला घाई नाही.”