परक्या ओसरीचं सारवण

"अव्वा, तिकडं एक राहिलाय."

हे मी म्हणाले. राहिला होता तो माझ्याच पायाचा ठसा. अव्वा, म्हणजे माझी आई, ते ठसे शेणानं सारवून काढत होती. गुडघ्यांवर बसून, साऱ्या वाडीसमोर. आणि मी, तिची हुशार लेक, अंगणात उभी राहून राहिलेला ठसा बोटानं दाखवत होते. इतकी शहाणी मुलगी कुंभारवाड्याच्या रानात तेव्हा दुसरी नसेल.

झालं होतं असं. नव्याचा दिवस होता. भाताची पहिली कणसं कापून आणायची, पुजायची, दाराला बांधायची, मग नवा भात खायचा. आमच्या खानापूरकडच्या गावात ही कणसं घरातली मुलगी घेऊन यायची आणि उंबऱ्यावर ठेवायची. तिच्या पायांवर पाणी घालायचं, कपाळाला कुंकू लावायचं. मला वाटलं, सगळीकडं असंच. इथं मात्र आम्ही ज्यांची जमीन कसत होतो त्या मोठ्या घरी कणसं द्यायची, तीही अंगणातल्या सुपात ठेवून मागं सरायचं. अव्वानं मला सांगितलं असणार. मी ऐकलं असेल तर शपथ. डोक्यावर कणसं, पाय चिखलाचे, आणि मान अशी, जणू नाकात नथच आहे. तशीच पायऱ्या चढले, ओसरी ओलांडून थेट उंबऱ्यापाशी गेले आणि कुंकवासाठी कपाळ पुढं केलं.

मोठ्या घरच्या वयनीबाय साप बघितल्यासारख्या मागं सरल्या. बोलल्या ते अव्वाला.

"पलेगातली माणसं गे तुम्ही. एक गाव खाऊन आलात, आता आमचं घर खाणार?"

कणसं म्हशीपुढं गेली. अव्वाला शेण आणायला लावलं.

आम्ही गाव खाल्लं नव्हतं. पलेगाच्या साथीनं खाल्लं होतं. बाबा त्यातच गेले. अव्वा आम्हां दोघांना घेऊन या रानात आली. मी चालत, धाकटा भाऊ तिच्या पाठीवर झोळीत. मोठ्या घरानं एक पडीक उतार कसायला दिला, सगळा झुडपांचा. तिनं एकटीनं तो खणला, बांध घातले, भात लावलं. उन्हाळ्यात हिरडे गोळा करायची, पावसाळ्यात बांबूचे कोंब. रात्री आंबील. मला घट्ट, तिला भांडं विसळलेलं पाणी. मी विचारायचे, तू असली पातळ का पितेस. ती म्हणायची, मला पातळच आवडते. हे मी कितीतरी वर्षं खरं मानलं. म्हटलं ना, हुशार.

धाकटा पहिल्याच पावसाळ्यात तापानं गेला. बांधाच्या कडेला जांभळीखाली त्याला पुरलं. कामाला लागण्याआधी अव्वा तिथं घटकाभर बसायची. त्या रानात आमचं म्हणावं असं कोण होतं? तोच.

तर, सारवून झालं. वयनीबायनी ओसरी निरखून बघितली. हात बरा आहे म्हणाल्या. ह्यापुढं दर नव्याला ओसरी तुझ्याच घरानं सारवायची, असं सांगितलं, आणि एक नारळ दिला. मला तो मान वाटला. खरंच वाटला. नारळ मीच उचलला आणि वाटेत भेटेल त्याला दाखवत घरी आणला. अव्वानं तो फोडला नाही. खोपीच्या कोपऱ्यात कुजून गेला. मी रुसले होते त्यापायी.

पुढची नवी तशीच आली आणि गेली. अव्वा सारवायची. मग माणसं ओसरीवर बसायची, पूजा व्हायची. आम्ही अंगणात. मी वाढत होते, अव्वाची कंबर वाकत होती. एका नव्याला तिला खाली बसताना धाप लागली, तशा वयनीबाय पान चघळत म्हणाल्या, "तू ऱ्हा गे. आता पोरगी सारवील. तिच्यामागं तिची पोरगी."

सहज म्हणाल्या. राग नव्हता त्यात. पाऊस पडेल म्हणावं तसं.

मी शेणाची बुट्टी ओढली. हात घातला. आणि अव्वाकडं बघितलं. ती माझ्या हातांकडं बघत होती. धाकट्याला मातीत ठेवतानाही तिचं तोंड असं झालं नव्हतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं माझ्या वाट्याचं ती आपल्या अंगावर घेत होती. आणि मी नारळ मिरवत होते.

बुट्टी खाली ठेवली. "न्हाई सारवणार," म्हणाले. वयनीबायना नीट ऐकू आलं नसावं. म्हणून परत म्हणाले, "मी न्हाई. माझी पोरगीबी न्हाई."

मला कुठली पोरगी? लग्नाचासुद्धा पत्ता नव्हता. पण बोलून बसले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या घरचा गडी आला. उतार सोडायचा. उभं पीक तिथंच ठेवून.

अव्वानं पुढं काय केलं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आता रामनगर आहे त्या बाजूला तिनं पुन्हा झुडपं तोडली. पलेगात पोरकी झालेली नात्यातली पोरं शोधून आणली. माझा नवरा घरजावई करून घेतला. एवढं मोठं घर, चूल एक, आणि तिच्या शब्दाबाहेर जायची मिशीवाल्यांचीही छाती नव्हती. स्वतः शेवटपर्यंत पातळ आंबीलच प्यायली. आमची एकही बाई त्यानंतर परक्याची ओसरी सारवायला गेली नाही. उपास काढले, गेली नाही. जाणारही नाही.

पण त्या रानातून निघालो तो दिवस मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

बांधापाशी अव्वा थांबली. बसली नाही. वाकून जांभळीखालची मूठभर माती उचलली, आणि परत तिथंच सोडली. माझं सगळं शौर्य तिथं विरघळलं. मी हुंदके देत म्हटलं, अव्वा, मी माघारी जाते, त्यांचे पाय धरते, सारवते ओसरी, धाकट्याला एकटा टाकून नको जाऊ या. डोक्यावरचं मडकं खाली ठेवून वळलेसुद्धा.

तिनं माझा दंड धरला. ती रडत नव्हती. अगदी हळू बोलली, जवळ कुणी झोपलेलं असावं तशी.

"मागं फिरलीस तर तुलाबी हितंच पुरीन, त्याच्या शेजारी. उचल ते मडकं."