सत्तावीस इंची दोन मॉनिटर

आमच्या कारखान्यात कामं दोनच. चेअरमनसाहेब आले की उठायचं आणि गेले की बसायचं. हे मला पहिल्याच दिवशी हेडक्लार्कनं सांगितलं होतं, आणि मधल्या वेळात प्रोग्रामिंग केलं तरी कुणाची हरकत नाही, असंही. हसू नका. सहकारी साखर कारखान्यात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा.

त्या साली पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला. ऊस उभ्या उभ्या वाळला आणि गाळप बंद राहिलं. ऊस उतरवायच्या मोकळ्या आवारात कारखान्यानं चारा छावणी उघडली. पार तलवाड्याकडून लोक गाई-बैल घेऊन आले आणि तिथंच पालं ठोकून राहिले. कॉम्प्युटर विभागात तेव्हा आम्ही दोघंच, मी आणि ती. दोघंही हंगामी. एमडीसाहेबांनी बोलावून सांगितलं, "गुढीपाडव्याला एकालाच कायम करायचंय. दुसऱ्याला घरी. काम बघून ठरवू."

काम बघून! काम बघून ठरलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. मी आठवडाभर घासून जे लिहायचो ते ती दुपारच्या चहाच्या आत लिहून मोकळी व्हायची. वर माझ्या चुका काढायची, आणि त्याही हळू आवाजात, माझा अपमान होऊ नये म्हणून. मला तो हळू आवाजच सहन व्हायचा नाही. ती वडवणीकडची, ऊसतोड्याची पोरगी. आई-बाप दरसाल दिवाळी उरकली की ट्रकमध्ये बसून कोल्हापूरकडे जायचे आणि ही मावशीकडं राहून शिकली. माझ्या बापाची चाळीस एकर जमीन, तालुक्यात वजन. मला त्या नोकरीची गरज होती का? काडीची नव्हती. पण हिच्यापुढं हरायचं? मी जळत होतो, आणि चांगलाच जळत होतो.

एकदा डबा खाताना ती आपणहून बोलली. "सर, मी कायम झाले तर घरचे थांबतेत. न्हाईतर दिवाळीच्या आत लगीन लावतेत. पोरगा बी पाहून ठिवलाय."

"मग वाईट काय त्यात?"

"जोडी झाली की कोयता, सर."

आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. ऊसतोडीचा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. लग्न झालं की पोरगी कोयत्यातली अर्धी. हे मला माहीत होतं, जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी भाकरी मोडत "हं" म्हणालो.

मग मॉनिटरचं निघालं. छावणीतल्या जनावरांच्या नोंदीचा प्रोग्राम लिहायचा होता: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, फोटो, मालकाचं गाव, रोजचा चारा. आमच्याकडं होते ते जुने सतरा इंची चौकोनी मॉनिटर, दुपारनंतर डोळ्यांतून पाणी काढणारे. एका खिडकीत फोटो उघडला की कोड झाकला जायचा. एमडी म्हणाले, "काय लागतंय ते तुमीच ठरवा, मला त्यातलं कळत न्हाई." ठरवायचं माझ्यावर आलं, कारण मी तिच्यापेक्षा चार महिन्यांनी जुना.

मी तीन दिवस त्याचाच अभ्यास केला. खरं सांगतो, इतका अभ्यास परीक्षेलाही केला नव्हता. चकचकीत काच नको, मॅट पाहिजे, म्हणजे खिडकीचा उजेड त्यात दिसत नाही. चोवीस इंचीत अक्षरं बरी, सत्तावीस इंचीत दोन फायली शेजारी शेजारी मावतात. दोन असले तर एक आडवा आणि एक उभा लावावा, उभ्यावर कोड लांबपर्यंत दिसतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी, मान आखडत नाही. स्क्रीन हातभर लांब. उजेड बाजूनं यावा, पाठीमागून नाही.

ती म्हणाली, "मला एक चोवीस इंची बास हाय, सर."

"छे! लिहिणार कोण? तुम्ही. सत्तावीसचे दोन घ्या."

"अन् तुमाला?"

"माझं काय, माझं ह्या डबड्यावर भागतं."

खरेदी समितीनं तीन कोटेशनं मागवून मंजुरी दिली. हेडक्लार्क सगळ्यांना सांगत सुटला, बघा, सोताला जुनं ठिवलं अन् पोरीला दोन नवे दिले, ह्याला म्हंतेत मन. मीही मान खाली घालून ऐकून घेतलं.

माझ्या मनात आधी काही नव्हतं, नंतर आलं, असं लिहिता आलं असतं. पण खोटं कशाला? मॉनिटर जोडले, ती मागं बसली, आणि मी दारात जाऊन बघितलं. उंचीनं बुटकी. दारातून नुसता केसांचा भांग दिसत होता. मी परत आलो आणि म्हणालो, "अजून वर पाहिजेत. मान दुखंल." दोन्ही स्टँडखाली कागदाचे दोन दोन गठ्ठे सरकवले. टेबलही फिरवलं, उजेड डाव्या हाताला आला आणि दोन्ही मॉनिटरच्या पाठी दाराकडं झाल्या. आता दारातून भांगही दिसेना. तिनं बसून बघितलं आणि म्हणाली, "लई भारी झालं, सर! मान एकदम सरळ ऱ्हाते." मी सांगितलेलं एकूण एक बरोबर होतं. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन.

तिला दार दिसत नव्हतं, त्याची तिला फिकीर नव्हती. कारण खाकरणं होतं. माझी खिडकी फाटकाकडं. खिडकीत बसणाऱ्यानं साहेबांची गाडी आत आलेली बघायची आणि खाकरायचं, ही आमच्या विभागाची माझ्या आधीपासूनची रीत. मी खाकरलो की शेजारच्या अकाउंटवाल्यांपर्यंत खुर्च्या सरकायच्या. ती तर स्प्रिंगसारखी उठायची. मी नेमानं खाकरायचो. दोन महिने एकदाही चुकलो नाही.

चेअरमनसाहेब दर संकष्टीला लिंबागणेशला दर्शनाला जायचे आणि येताना थेट ऑफिसात शिरायचे. पेढ्यांचा पुडा हातात, प्रसाद स्वतःच्या हातानं वाटायचे. त्यांचा तो हौसेचा भाग होता. पाडव्याच्या आधीची संकष्टी आली. गाडी फाटकातून आत येताना मी बघितली. दार उघडलं, साहेब उतरले, पुडा घेतला. छावणीतल्या दोघा-तिघांनी वाकून रामराम केला, त्यात थोडा वेळ गेला. खाकरायला मला भरपूर वेळ होता. कूलरमध्ये घालायला पाणी नव्हतं, नुसता पंखा घरघरत होता, त्यात पावलांचा आवाज येणं शक्य नव्हतं. ती कोडात पार बुडालेली. मी घसा दाबून बसलो.

साहेब दारात आले. मी ताडकन उठलो आणि हात जोडले. पेढा घेतला, कपाळाला लावला. मग ते तिच्या टेबलाशी गेले. समोर दोन मॉनिटरच्या काळ्या पाठी. मग पेढा धरलेला हात त्यांनी मॉनिटरवरून पलीकडं नेला.

तिला वाटलं मीच आहे. मीच तिला कधीमधी असा वरून चहाचा कप द्यायचो. उजवा हात माऊसवर, नजर स्क्रीनवर. बसल्या बसल्या तिनं डाव्या हातानं पेढा घेतला आणि म्हणाली, "थांबा ना, सर, हातातलं होऊ द्या."

देवाचा प्रसाद, डावा हात, बसून, आणि वर थांबा ना. मी एकच चूक मागितली होती हो! मिळाल्या मात्र चार.

साहेब "लई काम हाय वाटतं," एवढंच म्हणाले. तो आवाज ऐकून ती उठली, खुर्ची मागं पडली, चेहरा पांढराफटक. तोवर साहेब वळले होते. मी त्यांच्यामागं व्हरांड्यात गेलो.

"कुणाची रं ही?"

"वडवणीकडची, साहेब. ऊसतोड्याची."

"हं." पुडा ड्रायव्हरच्या हातात देऊन ते गाडीत बसले. दोन शब्द बोलून सावरता आलं असतं. तिला दिसत नाही साहेब, मीच टेबल तसं लावलंय, एवढं पुरलं असतं. मी गाडीचं दार लावलं आणि नमस्कार केला.

पाडव्याला माझ्या नावाचं पत्र निघालं. तिला एमडींनी दुष्काळाचं कारण सांगितलं. ती जाग्यावर आली, छावणीचा प्रोग्राम मला दोन तास बसून समजावून दिला, कुठं काय अडेल तेही एका कागदावर लिहून दिलं. मग फडक्यानं दोन्ही मॉनिटर पुसले आणि वायरी गुंडाळल्या.

"माजंच चुकलं, सर. बघायला पायजे होतं."

"दुष्काळ आहे मॅडम. तुमचं काही नाही."

"तुमी लई केलं माज्यासाठी," ती म्हणाली. डोळे भरले होते. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. सुटलो असं वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही मॉनिटर माझ्या टेबलावर घेतले आणि टेबल आडवं लावलं, दार दिसेल असं.

दिवाळीनंतर एकदा वडवणीच्या बाजारात गेलो होतो. एक म्हातारा समोर येऊन उभा राहिला. कमरेत वाकलेला, त्यामुळं त्या साली तोडीला गेला नव्हता. तिचा बाप. माझा फोटो म्हणे तिच्या मोबाइलमध्ये होता, त्यावरून ओळखलं.

"साहेब, पोरगी अजून तुमचं नाव काढती. म्हंती, तितं एकच मानूस भेटला. सोता बारकं घेतलं अन् मला दोन मोठाले दिले."

"कशी आहे ती?"

"लगीन झालं की वो दसऱ्याच्या आधी. आता जोडीनं कोयत्यावर हाय, कोल्हापूरकडं. पहाटं फडात, राती मोळ्या भरायला. हात सोलून निघालेत म्हंती, मोबाइल बी धरवंना." तो जवळ सरकला. "तिची नोकरी कशापायी गेली, साहेब? तुमाला काय कळलं का?"

"दुष्काळ, काका. दुसरं काय."

त्यानं मान हलवली. पटलं त्याला. मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "धाकटी बारावीला हाय. कॉम्प्युटरच शिकायचं म्हंती. तिला दुसऱ्या कुनाकडं न्हाई, तुमच्याच हाताखाली द्यायची हाय."

मी म्हणालो, "पाठवा की."