बाकीच्यांची अडचण

"किल्ली दे इकडं," आप्पा म्हणाले.

किल्ली माझ्याकडे नव्हती. ती माझ्या पोरीच्या मुठीत होती. आतल्या खोलीच्या खिडकीला नाक लावून ती शाळेचं पटांगण बघत होती. शाळा इमारतीच्या अगदी पाठीमागे. दप्तर कोणत्या खिळ्याला अडकवायचं, ते तिनं ठरवूनही टाकलं होतं. बायकोनं ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून बघितला. पाणी आलं तशी माझ्याकडे बघून हसली. तेवढ्यात आप्पा जिना चढून वर आले आणि दारातच थांबले.

आप्पा आमच्याच गावचे. आमचं गाव खुटबावच्या शेजारी, दौंड तालुक्यात. गावात त्यांची बागायत, विकास सोसायटीत त्यांचा शब्द. शिक्रापुरात हायवेला लागून त्यांनी इमारत बांधली आणि कंपन्यांतल्या कामगारांना खोल्या भाड्यानं दिल्या. मी फोन केला तेव्हा म्हणाले होते, "ये की. आपल्या गावचा मानूस तू, तुला न्हाई तर कुनाला देनार?" त्यांच्या पुतण्यानं किल्ली दिली आणि आम्हाला वर पाठवलं. जिन्यात एक बाई भेटल्या. माझ्या बायकोचा बुरखा बघून भिंतीला चिकटल्या आणि भराभरा खाली उतरल्या. मी ते बघितलं होतं. बघून न बघितल्यासारखं करायची सवय आम्हाला लहानपणापासून असते.

"काय झालं, आप्पा?"

"माझं काय न्हाई रं. तू तर आपलाच हायस. पन बाकीच्यांची अडचन हाय. फॅमिलीवाली मानसं राहत्यात हितं. तुमच्यात खान्यापिन्याचं आसतंय. तू आसं कर, शिरूरला तुमच्या लोकांत बघ. तिथं करमंल तुमाला."

रविवार होता. खालच्या कुठल्यातरी खोलीत मटण शिजत होतं. कुकरच्या शिट्ट्या आणि मसाल्याचा वास सगळ्या जिन्यात भरला होता. आप्पांनाही तो येत असणार. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते पायातल्या चपलेकडे बघत होते.

"बरं, आप्पा," मी म्हणालो. एवढंच.

पोरीच्या मुठीतून किल्ली मीच काढली. बोटं एकेक करून उघडावी लागली. ती रडली नाही. "आपण परत कधी यायचं?" एवढं विचारलं.  बायकोनं नळ नीट बंद केला आणि ती खाली उतरली.

आता हे आप्पा माझे कोण, ते सांगतो.

आम्ही मुलाणी. गावच्या जत्रेत देवाला बकरं पडतं, ते आमच्या हातानं. मुलाण्यानं कलमा म्हणून सुरी फिरवल्याशिवाय आमच्याकडे कुणी त्या मटणाला शिवत नाही. देवाला निवदसुद्धा जात नाही. पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. आप्पांच्या मळ्यात जत्रेला माणसांचा मेळा जमतो, पुढारी येतात, पै-पाहुणे येतात. चुली पेटलेल्या असतात आणि सगळे वाट बघत असतात ती माझ्या अब्बांची. "मुलाणीमामा आल्याबिगर पातेलं चढायचं न्हाई," असं आप्पा पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. अब्बांचा हात थरथरायला लागल्यापासून ते काम मी करतो. काम झालं की आमचा वाटा मिळतो. आप्पा स्वतः बाज टाकून मला बसवतात आणि घरातून पाणी आणवतात.

म्हणजे माझ्या हातचं चालतं. माझी चूल तेवढी चालत नाही. कामापुरता मामा म्हणतात ते आम्ही. माझ्या बापाला तर अख्खं गाव मामाच म्हणतं.

खोली का हवी होती, तेही सांगायला पाहिजे. गावाहून शिक्रापूरजवळच्या माझ्या कंपनीत जायचं तर पारगावला भीमेचा पूल ओलांडायचा, न्हावऱ्यावरून पुढं. हंगामात रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या मागे, एकीलाही दिवा नाही. एकदा पहाटे ड्युटीला जाताना अशा ट्रॉलीखाली जाता जाता वाचलो. गाडी गेली खड्ड्यात, गुडघा फुटला. त्या दिवशी बायको म्हणाली, "आता हे बास. पोरगी शाळेच्या वयाची झाली. जिथं तुम्ही जिवंत घरी याल आन् ती चालत शाळेत जाईल, तिथं जाऊ." तिनं केडगावचाही विचार केला होता. तिथं स्टेशन आहे, शाळा बऱ्या आहेत, तिचं माहेर जवळ. पण माझा रस्ता तोच राहिला असता. शिक्रापूर म्हणजे ट्रकांचा धुरळा, दिवसरात्र हॉर्न. तरी कंपनी जवळ आणि शाळा मागच्या दारी. सगळा हिशोब करून आम्ही शिक्रापूर ठरवलं होतं. माणसं घर बदलताना हेच बघतात ना, कंपनी किती लांब, शाळा किती लांब? आम्हीही तेच बघितलं. आम्हाला वाटलं, आम्हीपण माणसंच.

पुढं शिक्रापुरात आणखी दारं बघितली. कुठं खोली कालच गेली होती. कुठं गावाकडचा भाऊ राहायला येणार होता. एका ठिकाणी नाव ऐकल्यावर रंगकाम निघालं. शेवटी शिरूरला आमच्या मोहल्ल्यात खोली घेतली. घरमालक चांगले. शेजारी चांगले. पहिल्या दिवशी शेजारणीनं जेवण आणून दिलं. पण कंपनीसाठी नगर रोडवर रोज कंटेनरच्या मधून गाडी घालायची. पोरीची शाळा पार रस्त्यापलीकडे. बायको तिला हात धरून नेते आणि मी ड्युटीवरून येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसतो. दप्तराला इथंही खिळा आहे. त्याबद्दल पोरगी काही बोलत नाही. तिचं ते गप्प राहणं मला सहन होत नाही.

मग जत्रा आली. आप्पांचा फोन आला.

"आरं, कुठं हायस? परवा सकाळी लौकर ये. पाव्हनं हायती लय."

"मी शिरूरला राहतो, आप्पा."

"मग काय झालं? गाडी धाडतो की."

"गाडीचं न्हाई, आप्पा. ज्या इमारतीत माझ्या पोरीला राहायची बंदी, त्या घरचं बकरं मी कापनार न्हाई."

 आप्पा म्हणाले, "आरं, ते बाकीच्यांचं हुतं. आन् देवाच्या कामात हे आनतोस व्हय?"

"देवाला माझी अडचन न्हाई. तुमालाच हाय."

मी फोन ठेवला. 

गावी अब्बांना कळलं. फोनवर ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "गावात राहायचं आसतं, बाळा. पिढ्यान् पिढ्यांचं काम हाय." आणि आप्पांनी पाठवलेल्या गाडीत बसून स्वतः गेले. थरथरत्या हातानं त्यांनी सुरी फिरवली. नीट बसली नाही, जनावर तडफडलं, पाहुणे हसले. हे त्यांनी मला सांगितलं नाही. चुलतभावानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमचा वाटा घेऊन ते शिरूरला आले. बायकोनं डबा हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी नकाराची मान हलवली. अब्बा डबा घेऊन परत गेले. म्हातारा माणूस, डब्याची पिशवी छातीशी धरून एसटीच्या पायऱ्या चढला. त्या दिवशी मी खूप रडलो. माझा बाप चुकला असं मी आजही म्हणत नाही. त्याला जगायला एवढीच जागा दिली होती.

पण सुरी त्यांच्यानंतर माझ्याकडे येईल. ज्यांच्या दारात माझ्या पोरीला जागा नाही, त्यांच्या दारात ती सुरी जाणार नाही. हे मी अब्बांना तोंडावर सांगितलं आहे.

आणि शिक्रापूर मी सोडलेलं नाही. सुट्टी असली की जातो, एकेका इमारतीच्या गेटवर. खोली बघायच्या आधी पूर्ण नाव सांगतो, मोठ्यानं. मग बापाचं नाव, मग जात, मुलाणी. पोरीला सोबत नेत नाही. कागद झाल्यावरच तिच्या हातात किल्ली देईन, आणि ती कुणी परत मागणार नाही. परवा एक मालक हसून म्हणाले, "आमचं काही नाही हो, पण बाकीच्यांना..."

मी म्हणालो, "बाकीचे कोण? बोलवा त्यांना खाली. मी थांबतो."

आणि मी थांबलो.