भाठ्याची माती घेऊन नाशिकच्या द्राक्षबागेत

आमचे हे रेल्वेतून रिटायर झाले आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. तेव्हापासून रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या घरात त्यांचे दोनच शब्द ऐकू यायचे, "चहा" आणि "हव". अशा माणसानं एक दिवस मोबाईलमधून डोकं वर काढलं. "काहून वं, आपल्या भाठ्यात द्राक्षं काहून नाही येणार?"

भाठा म्हणजे आमच्याकडची लाल मुरमाड जमीन. आरंगच्या रस्त्याला आमचा एक तुकडा आहे, तिथे बाभूळसुद्धा विचार करून उगवते. उरला या कारखान्यांच्या भागातला एक कंत्राटदार तो विकत घ्यायला टपलेला होता; मुरूम खणून कारखान्यांच्या भरावाला नेणार. मी तर केव्हाच हो म्हटलं असतं. पण यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं की उत्तम रेड वाईनची द्राक्षं हलक्या जमिनीतच येतात. "आधी नाशिकले जाऊन विचारतो, मंग विकायचं का नाही ते ठरवू." तेलीबांध्याला राहणाऱ्या मुलाला म्हटलं, समजाव यांना. तो म्हणतो, "मम्मी, घुमा लाओ ना पापा को." घरात दारूला कोणी शिवलेलं नाही आणि आम्ही निघालो वाईन बघायला!

जायचं तर फेब्रुवारीत जा, तेव्हा वेलीला घड असतात. रायपूरहून नाशिकरोडला थेट गाडी मिळते, मात्र रिझर्व्हेशन आधी करा. आम्हाला वरचे दोन बर्थ मिळाले होते. सोबत भाठ्याची माती होती, तिथल्या जाणकारांना दाखवायला. प्लास्टिकमध्ये मातीला घाम येतो असं यांचं शास्त्र, म्हणून मी ती तांब्याच्या लोट्यात भरली आणि तोंडाला पांढरं फडकं बांधलं. गाडीच्या हलण्यानं सांडू नये म्हणून हे लोटा मांडीवर घेऊन बसले. तोंड यांचं नेहमीसारखंच, पडलेलं.

नागपूरला समोर एक अकोल्याच्या बाई येऊन बसल्या. त्यांनी लोट्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि हात जोडले. त्यांच्या यजमानांनी न मागता आपला खालचा बर्थ आम्हाला देऊन टाकला. "खाली ठेवू नका बरं, पाय लागतात," म्हणाले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पांढरं फडकं, लोटा, नाशिकचं तिकीट! त्या दोघांना वाटलं आम्ही अस्थी घेऊन गोदावरीवर चाललो. खरं सांगणारच होते, पण माझे गुडघे दुखतात आणि खालचा बर्थ मिळाला होता. मी पाय लांब करून बसले. तिखट पुऱ्या आणि ठेचा काढला तर बाई अशा बघायला लागल्या, की मी दुसरी पुरी उगाच उसासा टाकून खाल्ली.

मग यांनी फडकं सोडलं. चिमूटभर माती तळहातावर घेतली, चोळली, हुंगली आणि जिभेवर ठेवली.

अकोल्याच्या बाईंनी डोळेच मिटून घेतले. "अहो, वावरातली माती आहे ती," मी म्हटलं, पण फार उशीर झाला होता. भुसावळपर्यंत त्या डब्यात कोणी आमच्याशी बोललं नाही. हे मात्र खुशीत होते. "जराशी आंबट आहे."

नाशिकरोडहून गंगापूर धरणाकडच्या बागांना रिक्षा जाते, परतीचंही आधीच ठरवून घ्या, तिकडून वाहन मिळत नाही. बाग दाखवायचे आणि वाईन चाखवायचे पैसे वेगवेगळे असतात, हेही विचारून घ्या. आम्ही गेलो त्या बागेत माहिती द्यायला एक हसरी मुलगी होती. ती सांगत होती, खालच्या काळ्या जमिनीत वेल माजते, पानंच पानं, रस पातळ. वर उतारावर मुरूम आहे, तिथे वेलीला पाण्यासाठी खोल जावं लागतं. घड लहान, पण रस घट्ट. "वेलीला थोडा त्रास द्यावाच लागतो," ती म्हणाली.

"माझ्या वाट्याले तं वेलीचंच आयुष्य आलं," हे माझ्याकडे बघत पुटपुटले. किती महिन्यांनी थट्टा केली या माणसानं!

मग तिनं उतारावरच्या द्राक्षांची शिराझ नावाची रेड वाईन ओतायला घेतली. यांनी सवयीनं उजवा तळहात पुढे केला. मुलगी गोंधळली, पण मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून तिनं तळहातावर थोडी ओतली. यांनी ती तीर्थासारखी प्यायली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. पांढरे केस गुलाबी झाले. मी ग्लासनं घेतली. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते तशी झाली, आणि मागून ओल्या लाकडाचा वास आला. वाईट नव्हती. दुसरा घोट मी कशासाठी घेतला ते विचारू नका.

बागेची शेती बघणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी लोट्यातली माती भिजवून पाहिली आणि यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाऊस किती? थंडी किती टिकते? पाणी कुठून? हे बोलायला लागले ते थांबेचनात. हात हलवत, उभ्यानं, नोकरीत असताना गाड्यांबद्दल बोलायचे तसे. मी बांधावर बसून बघत राहिले. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

निकाल मात्र चांगला नव्हता. "काका, निचरा छान आहे, पण माती आम्लधर्मी आहे, तुमच्याकडे पाऊसही जास्त. वेल जगेल. अशी वाईन होईल, असं मी म्हणणार नाही."

परतीच्या गाडीत हे भिंतीकडे तोंड करून झोपले. दुर्गच्या आसपास एवढंच म्हणाले, "देऊन टाकू." घरी आल्यावर पुन्हा खुर्ची, पुन्हा टीव्ही.

रविवारी कंत्राटदार आला. हे चष्मा शोधत उठले. मी चहाचा ट्रे ठेवला आणि सांगितलं, "भैया, जमीन नहीं बेचनी है."

हे चष्मा शोधायचं सोडून माझ्याकडे वळले. "तुलेच तं विकायची होती ना?"

"होती."

"भाभीजी, वहाँ कुछ नहीं उगेगा," कंत्राटदार समजावत म्हणाला.

"मालूम है. पर ये वहाँ जाएँगे."

आता हे रोज सकाळी डबा घेऊन भाठ्यावर जातात. चार-दोन वेली लावल्यात, त्यातल्या किती जगतील देव जाणे. संध्याकाळी लाल पायांनी घरात येतात, माझी फरशी खराब करतात आणि बोलत बसतात.