मालन सिस्टरांची तक्रार

मालन सिस्टर गेल्याचं मला पुण्यात कळलं, लेकीच्या घरी मेथी निवडत असताना. फोन त्यांच्या शेजारणीचा होता. सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या, दार उघडलं नाही, म्हणून मागच्या बाजूनं जाऊन बघितलं, असं ती सांगत होती. झोपेतच गेल्या होत्या. कळंबशेजारच्या वाशी तालुक्यातले त्यांचे भाऊबंद निघाले होते, पुतण्या लातूरहून येत होता, आणि दुपारीच नेणार होते. मी कितीही घाई केली तरी पोचणार नव्हते, हे लेकीनं सांगितलं आणि मलाही कळत होतं. तरी मिळाली त्या एसटीनं निघाले. कळंबच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊन कलत होतं. पिशवी घेऊन तशीच त्यांच्या गल्लीत गेले, तर दाराला कुलूप. माणसं सगळी परस्पर गावाकडे गेली होती. भेटायचं कुणाला, रडायचं कुणापाशी... थोडा वेळ उभी राहिले आणि घरी आले. याला आता दीड महिना होत आला.

सिस्टर वाशीजवळच्या एका धनगराच्या घरातल्या. वडील वर्षातले आठ महिने मेंढरांमागं असत. त्या घरातली शिकून नर्स झालेली ही पहिली मुलगी. लग्न झालं आणि दुसऱ्याच वर्षी नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. मग सगळी नोकरी खेड्यापाड्यांतल्या आरोग्य उपकेंद्रांत काढली, कधी पायी, कधी कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून. निवृत्त झाल्यावर कळंबला दोन खोल्यांचं घर घेतलं. मी इथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे. लसीकरणाला त्या शाळेत येत, तेव्हापासूनची आमची ओळख. त्या मला बाई म्हणायच्या, मी त्यांना सिस्टर. पंचवीस वर्षांत दोघींनीही ते बदललं नाही, आणि अहो-जाहोही सुटलं नाही.

निवृत्तीची रक्कम हातात आली तेव्हा ती मुदत ठेवीत ठेवावी म्हणून त्या बँकेत गेल्या. तिथं काचेच्या केबिनमध्ये बसणाऱ्या एका अधिकाऱ्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग तो घरी येऊ लागला. तिशी-पस्तिशीचा, गोड बोलणारा गृहस्थ. दर गुरुवारी यायचा, चहा घ्यायचा, गुडघ्यांची चौकशी करायचा. एकदा जेवूनही गेला. ही ठेवच आहे, फक्त जास्त व्याजाची, असं सांगून त्यानं कागद पुढं केले आणि त्यानं बोट ठेवलं त्या प्रत्येक ठिकाणी सिस्टरांनी सही केली. वर्षभरानं पत्र आलं की दुसरा हप्ता भरायची वेळ झाली आहे. ती ठेव नव्हतीच. दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी होती. साठीला आलेल्या, फक्त पेन्शनवर राहणाऱ्या बाईला! तोवर त्या अधिकाऱ्याची बदली झाली होती. बँकेत सांगितलं, आमचा संबंध नाही, विमा कंपनीला विचारा. पॉलिसीचं पाकीट मात्र घरी पेटीत होतं, न फोडलेलं. ते हातात आल्यावर ठरावीक दिवसांत परत करता आलं असतं, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

हे सगळं त्यांनी मला लगेच सांगितलं नाही. सांगितलं ते एका वेगळ्याच कारणानं. एका दुपारी मी गेले तर त्या फोनवर बोलत होत्या, हसत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या की विम्याची फसवणूक झालेल्यांना पैसे परत मिळवून देणारी एक कंपनी आहे, तिथली ही मुलगी. त्यांना नंबर कुठून मिळाला कोण जाणे. आधी नोंदणीचे पैसे भरायचे, मुखत्यारपत्रावर सही करून सगळे कागद पाठवायचे, आणि सुटलेल्या रकमेतला हिस्सा त्यांना द्यायचा. पुढचं सगळं ते बघणार. मी चकित झाले. आधी फसवणुकीनं, मग त्या कंपनीनं, आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट मला एवढ्या उशिरा कळली यानं.

मी घरी आले आणि माहिती काढली. माझ्या एका विद्यार्थिनीनं मदत केली, ती धाराशिवला वकिली करते. तिनं सांगितलं, बाई, यात मध्यस्थ लागतच नाही. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जायचं. तिथं फी नाही, वकीलही चालत नाही, तक्रारदारानंच बोलायचं असतं. मग ती कंपनी नेमकं कशाचे पैसे घेणार होती? जो अर्ज सिस्टर स्वतः करू शकत होत्या, त्याचे. शिवाय आधार कार्डापासून सगळे कागद अनोळखी माणसांच्या हाती द्यायचे. दुसऱ्या दिवशी मी हे सगळं त्यांना वर्गात शिकवावं तसं समजावून सांगितलं. माझा एकही मुद्दा चुकीचा नव्हता. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, त्येंनी लिहिलं तर माझ्या हातानं व्हणार न्हाय."

मला कळेना. मग हळूहळू बाहेर आलं. तक्रारीत त्या अधिकाऱ्याचं नाव लिहावं लागणार होतं. तो काय म्हणाला, कधी म्हणाला, सगळं. त्याची नोकरी गेली तर? त्याला दोन लहान लेकरं आहेत, हे त्यानंच चहा पिताना सांगितलं होतं. कंपनीनं लिहिलं असतं तर ते नाव सिस्टरांच्या अक्षरात कागदावर आलं नसतं. तेवढ्यासाठी त्या पैसे द्यायला तयार होत्या. आणि दुसरं म्हणजे ती फोनवरची मुलगी. प्राजक्ता तिचं नाव. रोज अकराच्या सुमारास तिचा फोन यायचा. आजी, गोळी घेतली का, आजी, आज काय केलं जेवायला... मग कागदांचं काय झालं. सिस्टर म्हणाल्या, "मला कळतंय की बाई, ती कामापुरती बोलती. पन बोलती तर."

या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मी म्हणाले की बोलायला माणूस हवं म्हणून कुणी असे पैसे देतं का? त्या उठल्या. आणि मग, बहुधा माझं मन राखायचं म्हणून, कागद आणि पेन घेऊन बसल्या.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, मी फक्त समोर बसले. "फसवलं" हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत लिहिला नाही. "मला ठेव असे सांगण्यात आले" एवढंच लिहिलं, आणि खाली त्याचं नाव, अगदी बारीक अक्षरात. विमा कंपनीचं उत्तर आलं की सह्या तुमच्याच आहेत, आणि पडताळणीच्या फोनवर सगळं समजल्याचं तुम्हीच सांगितलं आहे, त्याचं रेकॉर्डिंग आमच्याकडं आहे. मग आम्ही लोकपालाकडं गेलो. काही महिन्यांनी सुनावणी लागली, तीही मोबाइलवर, व्हिडिओ कॉलनं. सिस्टरांनी त्या दिवशी इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. मी मोबाइल डब्याला टेकवून ठेवला आणि बाजूला सरकले.

कंपनीच्या माणसानं रेकॉर्डिंगचा मुद्दा मांडला. सिस्टर म्हणाल्या की बँकेतल्या साहेबांनीच सांगितलं होतं, फोन आला की सगळ्याला व्हय म्हणा, म्हणून म्या व्हय म्हणाले. मग सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, तुम्ही शिकलेल्या आहात, नोकरी केली आहे, सही करण्याआधी कागद वाचला का नाही?

सिस्टर मोबाइलकडं वाकल्या.

"साहेब, ते माझ्या घरी जेवले व्हते. त्येंच्यापुढं कागद वाचायला घेतला असता, तर त्येंच्यावर इश्वास न्हाय असं झालं असतं. मला लाज वाटली."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. नंतर निकाल आला तो सिस्टरांच्या बाजूनं. पॉलिसी रद्द करून रक्कम परत द्यायची. ती आलीही. मला इतका आनंद झाला होता की मी पेढे घेऊन गेले. सिस्टरांनी पेढा खाल्ला, माझे आभार मानले. प्राजक्तालाही त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं की काम झालं, आता लागणार न्हाय. ती म्हणाली, बरं झालं आजी. त्यानंतर तिचा फोन आला नाही. का येईल? तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पुढं एकदा बाजारात सिस्टरना तो बँकेतला अधिकारीही दिसला. जवळच्याच दुसऱ्या शाखेत होता, नोकरी शाबूत होती त्याची. यांनी हात वर केला आणि तो मान वळवून दुसऱ्या बोळात शिरला. मला हे सांगताना त्या म्हणाल्या, "बघितलं नसंल त्येनी." मी लेकीकडं जायच्या घाईत होते, बॅग भरायची होती. आल्यावर निवांत बसू म्हणाले... आणि निघाले.

लोक अजून मला विचारायला येतात. परवाच अणदूरचे एक गृहस्थ अशीच पॉलिसी घेऊन आले होते. कंपनीला काम देऊ का, म्हणाले. मी त्यांना तेच सांगितलं जे सिस्टरना सांगितलं होतं. पैसे देऊ नका, मुखत्यारपत्र करू नका, स्वतः लिहा. ते आजही खरंच आहे. फक्त आता मी एक जास्तीचा प्रश्न विचारते. घरी कोण कोण असतं?

गेल्या आठवड्यात सिस्टरांचा पुतण्या घर रिकामं करायला आला. भांडी, कपाट, गाद्या त्यानं टेम्पोत घातल्या आणि रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र मला आणून दिलं, पाऱ्याचं, सोबत स्टेथोस्कोप. घरी आलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब सिस्टर बघायच्या. भाजीवाली असो, गॅसवाला असो. पण आल्या आल्या कधीच नाही. चालून आल्यावर आकडा खरा येत नाही, आधी पाच मिनिटं गप बसा, असा त्यांचा नियम. माणूस बसायचा. पाचाची पंधरा मिनिटं व्हायची, चहा व्हायचा, आणि मग कुठं त्या पट्टा गुंडाळायच्या. ही युक्ती आहे, हे यंत्र पिशवीतून घरी आणताना माझ्या ध्यानात आलं.

काल दुपारी ते टेबलावर ठेवलं आणि समोर पाच मिनिटं बसले. मग पट्टा दंडाला गुंडाळायला गेले, पण एका हातानं तो नीट आवळेना. फुगा दाबायचा, नळी कोपराशी धरायची, कानांत ऐकायचं आणि पाऱ्याकडं बघायचं... लेक फोनवर म्हणाली, हल्ली बटणाचं मिळतं, आपलं आपल्याला बघता येतं, तेच घे. घेईन. पट्टा तसाच सैल दंडावर ठेवून मी अजून थोडा वेळ बसून राहिले.